हेल्मेटला कसोटीचा दगड कोठून आणायचा?

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या कमी पावसाच्या टापूतील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गलाईचा धंदा करीत आली आहेत. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे म्हणजे गलाई. देशातील मोठमोठ्या शहरांच्या सराफकट्ट्यांवर या भागातील गलाईवाले तुम्हांला भेटतील. सोने खरे की खोटे, हे त्यांना कसे कळते? काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडायचा आणि रेघ टिकते की विरते ते पाहायचे. दागिना जसाच्या तसा राहतो आणि त्याची परीक्षाही होते.

आता दुसरी वस्तू घेऊ. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला येतो, आणि कराड मागे टाकून सांगली जिल्ह्यात शिरतो. अशा रस्त्यांच्या कडेला दोरीवर टांगलेली रंगीबेरंगी हेल्मेटे तुम्ही पाहिली असतीलच. त्यांवर नामांकित कंपनीचे नाव असते, मागे ‘आयएसआय’ची खूण असते, आणि किंमत मात्र दुकानातल्यापेक्षा पुष्कळच कमी असते. यांतले अस्सल कोणते आणि नकली कोणते? दगडावर घासून ते कळणार नाही. हेल्मेटची खरी परीक्षा एकच, ती म्हणजे आघात. आणि त्या परीक्षेला बसलेले हेल्मेट पुन्हा वापरता येत नाही!

मग विकत घेणाऱ्याने विश्वास तरी कशावर ठेवायचा? हा प्रश्न सोडविण्यासाठी आधी हेल्मेट काय काम करते ते समजून घेतले पाहिजे.

हेल्मेटच्या आत काय असते?

पुष्कळांना वाटते की हेल्मेटचे बाहेरचे कठीण कवच आपले डोके वाचवते. हे अर्धेच खरे. कवच टोकदार दगड आत घुसू देत नाही आणि धक्का मोठ्या क्षेत्रफळावर पसरवते. पण धक्का पचवण्याचे मुख्य काम कवचाच्या आतील थर करतो. अस्तराचे कापड बाजूला केले तर हा थर दिसतो. त्याचे रासायनिक नाव पॉलिस्टायरीन, आणि आपण त्याला थर्माकोल म्हणतो. तो दूरदर्शन संचाच्या खोक्यात येतो तसला भुसभुशीत मात्र नसतो. खोक्यातल्या थर्माकोलची घनता दर घनमीटरला साधारण १५ ते २० किलोग्रॅम असते. हेल्मेटमधला थर्माकोल त्याच्या दोन ते चार पट घन असतो.

नववीत शिकलेले गतीचे समीकरण आठवा. वेग ‘व’ असलेली वस्तू ‘स’ इतक्या अंतरात थांबली, तर तिचे सरासरी मंदन म्हणजे ‘व’चा वर्ग भागिले ‘स’ची दुप्पट. समजा, डोके सेकंदाला ७.५ मीटर वेगाने, म्हणजे तासाला २७ किलोमीटर वेगाने, रस्त्यावर आदळले. साधारण २.९ मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूला हाच वेग येतो. डांबरी रस्ता दबत नाही. डोके समजा ३ मिलिमीटरमध्ये थांबले, तर मंदन येईल ५६.२५ भागिले ०.००६, म्हणजे ९,३७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या हे सुमारे ९५० पट झाले! आता मध्ये २५ मिलिमीटर चेपणारा थर ठेवा. मंदन उरते १,१२५, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ११५ पट. हा हिशेब अर्थात सोपा करून मांडला आहे, कारण थर्माकोल शेवटपर्यंत एकसारखा चेपत नाही. पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. हेल्मेट डोक्याला थांबण्यासाठी थोडी जागा आणि थोडा वेळ मिळवून देते. सगळी किंमत त्या दोन-अडीच सेंटिमीटरची आहे.

युरोपातील २२ क्रमांकाच्या हेल्मेट-नियमावलीत नेमकी याच वेगाने, सेकंदाला ७.५ मीटर, आपटण्याची चाचणी आहे. हेल्मेटमध्ये डोक्याच्या आकाराचा धातूचा गोळा बसवतात आणि त्यात त्वरण मोजणारे यंत्र ठेवतात. गोळ्याला बसणारा धक्का गुरुत्वत्वरणाच्या २७५ पटींहून अधिक झाला, तर ते हेल्मेट नापास.

चेपताना थर्माकोलमधल्या बारीक पेशी फुटतात आणि आघाताची ऊर्जा त्यात खर्च होते. त्या पेशी परत फुगत नाहीत. म्हणूनच एकदा अपघातात सापडलेले हेल्मेट, बाहेरून कितीही चकचकीत दिसले, तरी निकामी समजावे. जुन्या बाजारातील हेल्मेट घेऊ नये, तेही याच कारणासाठी.

हे ज्ञान कोठून आले?

१९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केअर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेटची सक्ती केली. १९५३ साली अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सी. एफ. लोम्बार्ड यांना ऊर्जा शोषणारा आतला थर असलेल्या हेल्मेटचे पेटंट मिळाले. आजची हेल्मेटे त्याच तत्त्वावर बनतात.

उपयोग किती होतो, याचेही मोजमाप झाले आहे. २००८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७ जण होते. वडिलांच्या किंवा दादाच्या मागे बसून शाळेला जाणाऱ्या मुलामुलींनी हा शेवटचा आकडा विसरू नये.

खूण म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तुमच्या हातातले हेल्मेट फोडून पाहता येत नाही. म्हणून त्याच कारखान्यात, त्याच साच्यातून निघालेल्या त्याच्या भावंडांना फोडून पाहतात. काही नमुने तापवतात, काही गार करतात, काही भिजवतात आणि मग आपटतात. हनुवटीचा पट्टा ओढून ताणून पाहतात. ही सर्व तपासणी भारतीय मानक ब्यूरोच्या नियमांप्रमाणे होते. दुचाकीच्या हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आहे आयएस ४१५१. तपासणीत उतरलेल्या कारखान्याला परवाना मिळतो, आणि ब्यूरोचे लोक पुढेही कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलून तपासतात. गलाईवाल्यांच्या घरात ‘हॉलमार्क’ हा शब्द रोजचा असतो. सोन्याची ती खूणही याच संस्थेची.

तेव्हा आयएसआयची खूण म्हणजे परीक्षेचे प्रगतिपुस्तक. नकली खूण छापणारा माणूस कधी न झालेल्या परीक्षेचे गुण आपल्याला दाखवत असतो. नकली कंपनीचा सदरा घातला तर फार तर रंग जाईल. नकली हेल्मेटचा खोटेपणा मात्र ज्या क्षणी उघडा पडतो, त्या क्षणी दुसरी संधी नसते.

१ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे कायद्याने बंद आहे. तरीही २०२४-२५ या आर्थिक वर्षात ब्यूरोने ५०० हून अधिक हेल्मेटांचे नमुने तपासले आणि ३० हून अधिक छापे घातले. दिल्लीत ९ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेटे जप्त झाली. या उत्पादकांचे परवाने संपलेले किंवा रद्द झालेले होते. म्हणजे खूण नुसती असणे पुरेसे नाही. ती जिवंत आहे का, हेही पाहावे लागते.

तपासणीच्या पाच पायऱ्या

१. खुणेच्या वरचा क्रमांक वाचा. तो आयएस ४१५१ असला पाहिजे. आयएस २९२५ असेल तर ते कारखान्यात व बांधकामावर घालायचे हेल्मेट. त्याची खूण खरी असली तरी ते रस्त्यासाठी नाही.

२. खुणेच्या खालचा परवाना क्रमांक पाहा. तो ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होतो. नकली मालावर तो बहुधा नसतोच, किंवा इतका पुसट असतो की वाचता येत नाही.

३. तो क्रमांक ताडून पाहा. मोठ्यांच्या मोबाईलवर भारतीय मानक ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ हे ॲप विनामूल्य घेता येते. त्यात परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसते. नाव हेल्मेटवरच्या नावाशी जुळते का, हे जरूर पाहा. दुसऱ्याचा खरा क्रमांक चोरून छापणारेही असतात!

४. अस्तर बाजूला करून आत पाहा. थर्माकोलचा जाड, घट्ट थर कपाळापासून मानेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना सलग हवा. बोटाने दाबल्यावर सहज खड्डा पडला, किंवा कवचाच्या आत नुसताच स्पंज दिसला, तर ते हेल्मेट खाली ठेवा.

५. पट्टा, डोळ्यांपुढची काच आणि छपाई पाहा. पट्टा कवचाला पक्का जोडलेला असावा आणि ओढल्यावर बक्कल सुटू नये. काचेतून पलीकडची रेघ वाकडी दिसू नये. आकार व उत्पादनाचे वर्ष छापलेले असावे. कंपनीच्या नावाची अक्षरे एकेक करून वाचा, कारण एखादे अक्षर बदलून फसवण्याची युक्ती जुनी आहे. शेवटी पक्की पावती मागा. पावती द्यायला काकू करणाऱ्या विक्रेत्याकडचा माल न घेतलेला बरा.

रस्त्याकडेचा प्रत्येक विक्रेता फसवतोच असे नव्हे, आणि दुकानातला सगळा माल अस्सल असतो असेही नव्हे. जागा पाहून निर्णय करू नका. पाचही पायऱ्या चढा.

जॅकेट आणि हातमोजे

कासच्या पठाराकडे किंवा महाबळेश्वरकडे जाणारे मोटारसायकलस्वार जाड जॅकेट आणि हातमोजे घालतात. प्रसिद्ध नावांच्या नकला येथेही होतात. पडल्यावर रस्त्यावर घासत जाताना कापड फाटू नये आणि कोपर-खांद्यावरचा धक्का कमी व्हावा, ही या पोशाखाची दोन कामे. युरोपीय मानकांत जॅकेटासाठी ईएन १७०९२ आणि हातमोज्यांसाठी ईएन १३५९४ हे क्रमांक आहेत. कोपराच्या गादीसाठी ईएन १६२१ हे मानक आहे. त्यात साधारण पाच किलोचे वजन एक मीटरवरून गादीवर टाकून खाली किती बल पोचते ते मोजतात. नुसती ‘सीई’ ही दोन अक्षरे शिवलेली असली तर त्यावर जाऊ नका. मानकाचा क्रमांक शोधा, आणि खिशातली गादी बाहेर काढून पाहा. उशीतल्यासारखा मऊ स्पंज निघाला, तर वरचे नाव कितीही मोठे असो, तो साधा कोटच.

वर्गात करून पाहा

थर्माकोलचा आणि स्पंजचा प्रत्येकी २५ मिलिमीटर जाडीचा तुकडा, खडूची पेटी आणि २०० ग्रॅमचे वजन घ्या. फरशीवर खडू ठेवून त्यावर थर्माकोलचा तुकडा ठेवा. वजन १० सेंटिमीटर उंचीवरून बरोबर खडूच्या वर सोडा. खडू शाबूत राहिला तर नवा तुकडा ठेवून उंची १० सेंटिमीटरने वाढवा. खडू मोडेल ती उंची लिहून ठेवा. मग हेच स्पंज घेऊन करा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करून प्रत्येक वेळची ऊर्जा काढा. प्रत्येक आघातानंतर थर्माकोलवर पडलेला खळगा मोजायला विसरू नका. प्रयोग शिक्षकांच्या समक्ष करा आणि वजनाखाली पाय येऊ देऊ नका.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या पालकसभेला येणाऱ्या पालकांची हेल्मेटे मुलांच्या हाती द्या आणि वरील पाच पायऱ्यांची यादी करून त्यांना तपासू द्या. किती हेल्मेटांवर परवाना क्रमांक सापडला, किती क्रमांक चालू निघाले आणि किती हेल्मेटांत पुरता थर्माकोल होता, याचा तक्ता फळ्यावर मांडा. ज्यांचे हेल्मेट तपासणीत उतरणार नाही, त्यांना त्याच दिवशी ते कळेल.