आठ वर्षांत एक वाराणसी

वाराणसीतल्या ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात पेशवाईपासून मराठी घरं नांदत आली आहेत. काशीयात्रेला निघालेल्या माणसाची काळजी इथल्या गल्ल्यांना नवी नाही. पण काळजी नेमकी कशाची करायची, हे बहुतेकदा ऐकलेली एखादी गोष्ट ठरवते.

4 ऑगस्ट 2015 च्या रात्रीचंच घ्या. मुंबईहून वाराणसीला निघालेली कामायनी एक्स्प्रेस मध्य प्रदेशात हरद्याजवळ घसरली. माचक नदीच्या पुरानं रुळांखालचा भराव वाहून नेला होता. थोड्याच वेळात समोरून मुंबईकडे येणारी जनता एक्स्प्रेसही त्याच ठिकाणी घसरली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. अंधार, पूर, पाण्यात कललेले डबे: हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की निघत नाही. मग कुणीतरी म्हणतं, त्यापेक्षा आपण गाडी करून जाऊ, रात्रीच निघू, रस्ता मोकळा मिळेल.

आता रस्त्याकडे पाहू. 2022 मध्ये भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. दिवसाला 462, तासाला 19. मुंबई-काशी रेल्वेप्रवासाचे 27 तास धरले, तर गाडी वाराणसीत शिरेपर्यंत देशाच्या रस्त्यांवर पाचशेहून अधिक जीव गेलेले असतात. हरद्याच्या वर्षापासून, म्हणजे 2015 पासून 2022 पर्यंतच्या आठ वर्षांची बेरीज बारा लाखांच्या घरात जाते. 2011 च्या जनगणनेत वाराणसी शहराची लोकसंख्याही बारा लाखांच्या आसपासच होती. घाटांवरची, गल्ल्यांतली, स्टेशनाजवळची सगळी वस्ती आठ वर्षांत पुसली जावी, असा हा आकडा आहे.

रस्त्यांवरच्या या आकड्यात पायी चालणारेही आहेत, त्यामुळे तो रेल्वेच्या आकड्याशेजारी नुसता ठेवून भागत नाही, हे मान्य. पण कापलेल्या अंतराच्या हिशेबानंही रेल्वे कैक पटींनी सुरक्षित ठरते. तरी भीती रेल्वेचीच वाटते, कारण हरदा एका रात्री, एका जागी घडलं. ते बारा लाख मात्र एकेकटे, वेगवेगळ्या वळणांवर गेले.

या भीतीची किंमतही मोजली गेली आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या विमानहल्ल्यांनंतर अनेक अमेरिकनांनी विमान टाळून मोटारी काढल्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या हिशेबानुसार पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे 1,500 जास्तीचे मृत्यू झाले. हल्ल्यातल्या चार विमानांत मिळूनही इतकी माणसं नव्हती.

पण म्हणून गोष्टी टाकाऊ ठरत नाहीत. 2021 मध्ये सीटबेल्ट न लावलेली 16,397 माणसं रस्त्यावर मेली, आणि मागच्या सीटवरचा पट्टा तरीही कुणी ओढला नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. त्या एका मृत्यूनंतर घराघरांत मागच्या पट्ट्याबद्दल बोलणं सुरू झालं, आणि 1 नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी तो सक्तीचा केला. सोळा हजारांना जमलं नव्हतं ते एका नावानं केलं. याचा मला राग येत नाही, पण ज्यांच्या वाट्याला असं नाव आलं नाही त्यांची चिंता वाटते. 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण मेले. त्यांतले 14,337 दुचाकीवर मागे बसलेले होते.