परत फिरण्याची विद्या

विमान चालवायला शिकणे म्हणजे ते हवेत उचलणे आणि पुन्हा धावपट्टीवर सुखरूप टेकवणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शिकाऊ वैमानिकाचे पहिले एकट्याचे उड्डाण असेच असते. तो विमानतळाभोवती फेरी मारतो आणि निघाला तेथेच उतरतो. धावपट्टी त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहते. खरी कसोटी पुढे येते. ओळखीची धावपट्टी मागे टाकून दूरच्या विमानतळावर एकट्याने जायचे, तेथे उतरायचे आणि परत यायचे. वैमानिकांच्या भाषेत याला ‘क्रॉस कंट्री’ उड्डाण म्हणतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यापैकी किमान १० तास एकट्याने आणि त्या दहांतले किमान ५ तास क्रॉस कंट्रीचे असावे लागतात. त्यातही एक उड्डाण एकूण १५० नाविक मैलांचे हवे आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरायला हवे. एक नाविक मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानाचा वेगही याच मापात, म्हणजे ताशी नाविक मैलांत किंवा ‘नॉट’मध्ये मोजतात.

या उड्डाणाची सुरुवात विमानात नव्हे, तर टेबलावर पसरलेल्या नकाशावर होते. उदाहरणादाखल बारामती ते सोलापूर ही वाट घेऊ. नकाशावर सरळ रेघ ओढली, की अंतर भरते सुमारे ८५ नाविक मैल आणि दिशा येते सुमारे ११५ अंश, म्हणजे पूर्वेच्या थोडी दक्षिणेला. होकायंत्र भौगोलिक उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवते. महाराष्ट्रात या दोहोंतील फरक नगण्य आहे. मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो दहा अंशांहून अधिक असल्याने तेथे शिकणाऱ्याला हा हिशेब विसरून चालत नाही.

त्यानंतर येतो वारा. नदी ओलांडणारा नावाडी समोरच्या घाटावर पोचण्यासाठी नाव थोडी प्रवाहाच्या विरुद्ध रोखतो, तसेच वैमानिकालाही करावे लागते. विमानाचा वेग १०० नॉट असेल आणि २० नॉटचा वारा अगदी आडवा वाहत असेल, तर विमानाचे नाक सुमारे साडेअकरा अंश वाऱ्याकडे वळवून ठेवावे लागते. ते विसरले तर ५१ मिनिटांनी, सोलापूर यायच्या वेळी, विमान वाटेपासून १७ नाविक मैल, म्हणजे तीसएक किलोमीटर बाजूला गेलेले असते.

केलेला हिशेब बरोबर आहे की नाही, हे जमीन सांगते. म्हणून रेघेवर दर काही मैलांवर खुणा निवडतात. या वाटेवर उजनी धरण डाव्या हाताला राहते आणि सुमारे ३५ नाविक मैलांवर नीरा नरसिंहपूरजवळ नीरा आणि भीमा यांचा संगम येतो. वारा नसेल तर तो एकविसाव्या मिनिटाला खाली दिसायला हवा. समजा, तो सव्विसाव्या मिनिटाला दिसला. याचा अर्थ समोरून सुमारे २० नॉटचा वारा आहे आणि जमिनीच्या हिशेबाने विमान ताशी ८० मैलच कापत आहे. मग ५१ मिनिटांचा प्रवास ६४ मिनिटांचा होतो. ताशी ३२ लिटर इंधन जाळणाऱ्या लहान विमानाला सुमारे ७ लिटर जास्त लागतात. अमेरिकेच्या नियमानुसार दिवसाच्या अशा उड्डाणात मुक्कामी पोचल्यावर ३० मिनिटांचे, म्हणजे या विमानाच्या बाबतीत १६ लिटर इंधन शिल्लक राहील, अशी तरतूद निघतानाच असावी लागते. केवळ तेवढेच जादा इंधन घेऊन निघालेल्याची जवळजवळ निम्मी शिल्लक त्या पाच मिनिटांच्या उशिराने खाल्लेली असते.

उपग्रहाधारित जीपीएसच्या काळात ही आकडेमोड कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. जीपीएस आपण कोठे आहोत हे अचूक सांगते. परंतु उपकरण बंद पडू शकते आणि उपग्रहाच्या संकेतांत अडथळेही येतात. शिवाय पुढे जावे की नाही, हे ते सांगत नाही. क्रॉस कंट्री प्रशिक्षणाचा गाभा याच प्रश्नात आहे.

नवख्या वैमानिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ढग. क्षितिज दिसेनासे झाले, की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसवू लागते. विमान हळूहळू एका बाजूला कलत असते, पण वैमानिकाला ते सरळच वाटते. उंची कमी होताना दिसली, की तो नाक वर ओढतो आणि विमानाचा गिरका अधिकच आवळत जातो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, केवळ उपकरणे पाहून विमान चालवण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही, अशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्यांतील १९ जण याच घातक गिरक्यात सापडले. ताबा सुटण्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत.

यावरचा उपाय त्याच प्रयोगात आजमावला गेला. उपकरणांवर नजर ठेवून, घाई न करता विमान १८० अंशांत वळवायचे आणि आलो त्या मोकळ्या हवेत परत जायचे. हे वळण शिकवल्यावर त्याच मंडळींना जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर पडता आले. आज अमेरिकेत खासगी परवान्यासाठी डोळ्यांवर झापड लावून, केवळ उपकरणांच्या आधारे ३ तास उड्डाणाचा सराव सक्तीचा आहे, तो याच धोक्यासाठी.

मात्र हाताला वळण शिकवणे सोपे आणि मनाला शिकवणे अवघड. १६ जुलै १९९९ रोजी जॉन एफ. केनेडी ज्युनियर हे खासगी वैमानिक आपले विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाले. अंधारी रात्र, धूसर हवा, खाली समुद्र आणि क्षितिजाचा पत्ता नाही. विमान समुद्रात कोसळून ते, त्यांची पत्नी आणि मेहुणी असे तिघेही मृत्युमुखी पडले. वैमानिकाचे दिशाभान हरपले आणि विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या तपास यंत्रणेने काढला. विमान नादुरुस्त असल्याचे आढळले नाही.

म्हणूनच अमेरिकेत शिकाऊ वैमानिकाच्या अशा प्रत्येक एकट्या उड्डाणाआधी प्रशिक्षक त्याची आखणी आणि हवामान तपासतो आणि लॉगबुकात तशी नोंद करून सही करतो. वाट चुकल्यास काय करावे, हेही आधीच घोकून घेतले जाते. उंची वाढवावी, म्हणजे दूरवरचे दिसते आणि रेडिओही लांब पोचतो, नियंत्रकाशी बोलावे, वाट चुकल्याची कबुली द्यावी, आणि तो सांगेल तसे करावे. यांतील कबुलीच सर्वांत जड जाते.

परत फिरण्याचेही तसेच असते. विमानाचे भाडे तासावर आकारले जाते. नेमलेल्या विमानतळांवर न उतरता परतलेले उड्डाण त्या दीर्घ प्रवासाच्या अटीत धरले जात नाही. ते पुन्हा करावे लागते, पुन्हा पैसे मोजावे लागतात. तिकडे कोणी वाट पाहत असते, सहाध्यायी पुढे गेलेले असतात. नरसिंहपूरच्या संगमापलीकडे ढग खाली उतरलेले दिसतात, तेव्हा हे सारे विचार सोलापूरच्या दिशेने ओढत असतात. अशा वेळी विमान वळवून बारामतीला उतरलेल्या विद्यार्थ्याच्या लॉगबुकात तासाभराचे एक अपुरे उड्डाण तेवढे नोंदले जाते. चांगला प्रशिक्षक मात्र त्या दिवशी धडा पूर्ण झाला, असे समजतो.