फ्रेंच भाषेतील आत्मवाचक क्रियापदे

फ्रेंच व्याकरणात ज्या क्रियापदांसोबत कर्त्याच्या पुरुष-वचनाशी जुळणारे आणखी एक सर्वनाम योजावे लागते, त्यांना आत्मवाचक क्रियापदे म्हणतात. शब्दकोशात ती 'स' या सर्वनामासह दिलेली असतात. 'स' म्हणजे 'स्वतःला'. परंतु मराठी भाषांतरात हा शब्द बहुधा येत नाही.

रूपे

'स लाव्हे' (अंग धुणे) या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे अशी होतात: झ म लाव्ह (मी), त्यू त लाव्ह (तू), इल स लाव्ह (तो), नू नू लाव्हों (आम्ही), व्हू व्हू लाव्हे (तुम्ही), इल स लाव्ह (ते). क्रियापद स्वराने सुरू होत असल्यास म, त, स त्याला जोडून उच्चारतात.

मराठीशी तुलना

मराठीत 'थांबवणे' सकर्मक, तर 'थांबणे' अकर्मक आहे. फ्रेंचमध्ये हा भेद अनेकदा सर्वनामाने दाखवला जातो: 'आरेते' म्हणजे थांबवणे, 'सारेते' म्हणजे थांबणे, 'लव्हे' म्हणजे उचलणे, 'स लव्हे' म्हणजे उठणे. त्यामुळे 'मी उठतो' यासाठी 'झ म लेव्ह' म्हणावे लागते. 'म' गाळल्यास 'मी उचलतो' असा अर्थ होतो आणि ऐकणारा कर्माची वाट पाहतो.

अर्थाचे प्रकार

* परस्परवाचक: 'इल स पार्ल' म्हणजे 'ते एकमेकांशी बोलतात'. 'तो स्वतःशी बोलतो' या वाक्याचा उच्चारही हाच असतो. भेद लेखनात आणि संदर्भात कळतो.
* कर्मणी: पुण्यातील बुधवार पेठेतला अप्पा बळवंत चौक पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे 'पुस्तके विकली जातात' हे 'ले लिव्ह्र स व्हांद' असे सांगता येते.
* स्थानवाचक: दगडूशेठ हलवाई गणपती मंदिर बुधवार पेठेत 'आहे', हे सांगण्यास 'स त्रूव्ह' (शब्दशः 'स्वतःला सापडते') वापरतात.
* नित्य आत्मवाचक: 'सेव्हानुइर' (बेशुद्ध पडणे) यांसारखी क्रियापदे सर्वनामाशिवाय वापरली जात नाहीत.

भूतकाळ

संयुक्त भूतकाळात ही क्रियापदे 'आव्ह्वार' ऐवजी 'एत्र' हे साहाय्यक क्रियापद घेतात. 'एल से लव्हे' (ती उठली) या वाक्यातील धातुसाधिताला लेखनात स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो. उच्चार बदलत नाही. मात्र 'एल से लाव्हे ले में' (तिने हात धुतले) येथे कर्म 'हात' असून ते नंतर येते, म्हणून तो प्रत्यय लागत नाही. मराठीतही 'उठली' कर्त्याप्रमाणे चालते, 'धुतले' चालत नाही.