एक्सएसएलटीची पंगत

क्रोम ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकणार, असं गुगलनं २०२५ मध्ये जाहीर केलं. हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पण एखादी आरएसएस फीड उघडल्यावर कोनाकंसांच्या रानाऐवजी नीटनेटकं पान समोर येतं, ती अनेकदा याचीच करामत असते. अमेरिकी काँग्रेसच्या संकेतस्थळावरची एक्सएमएल विधेयकंही याच वाटेनं वाचनीय होतात.

एक्सएमएल फाइल फक्त सांगते की हे शीर्षक, हा लेखक, ही किंमत. ते दिसावं कसं, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. सीएसएसनं तिला रंगरूप देता येतं, पण पुस्तकांची यादी लेखकांनुसार लावून वर अनुक्रमणिका जोडायची तर सीएसएस हात टेकतं. तिथं एक्सएमएलचं रूपांतर करणारी एक्सएसएलटी ही भाषा लागते.

आणि तिची रीत मोठी गमतीची. नेहमीचा प्रोग्रॅम म्हणजे आधी हे कर, मग ते कर. इथे मात्र सुटे नियम असतात, पंगतीतल्या वाढप्याला सांगून ठेवावेत तसे. लहान मूल दिसलं की आमटी बेताची, उपासाचं माणूस दिसलं की साबुदाण्याची खिचडी. कोण कुठं बसलंय हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक नसलं तरी चालतं. दोन नियम लागू पडले, तर साधारणपणे जो नेमका तो जिंकतो. उपास असलेल्या मुलासाठी वेगळा नियम असेल तर तोच. आणि ज्याच्यासाठी नियमच नाही, तोही उपाशी उठत नाही, त्याच्या पानात साधा वरणभात पडतोच. म्हणजे फाइलमधल्या त्या भागाचा मजकूर जसाच्या तसा उतरतो. नवशिक्याच्या पहिल्या प्रयत्नात पडद्यावर सगळ्या मजकुराचा काला होतो, तो या आतिथ्यामुळेच!

१६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटी १.० हे वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं मानक झालं. त्याचे संपादक जेम्स क्लार्क. वेबच्या इतिहासात टिम बर्नर्स-ली यांच्यावर पानंच्या पानं असतात, क्लार्कना जेमतेम तळटीप. युनिक्सची मदतपानं सजवणारं ग्रॉफ त्यांचं, असंख्य प्रोग्रॅममध्ये एक्सएमएल वाचणारं एक्सपॅटही त्यांचंच. एक्सएसएलटीचा पूर्वज असलेल्या, १९९६ च्या डीएसएसएसएल या मानकाचा पाया होता स्कीम ही फंक्शनल भाषा. तिचे संस्कार एक्सएसएलटीत आले. एकदा ठरवलेलं व्हेरिएबल पुन्हा बदलता येत नाही. त्या काळी यावरून प्रोग्रॅमर वैतागले. आज हीच शिस्त नवी म्हणून विकली जाते.

सगळं वेब एक्सएमएलमय होणार, ही त्या दिवसांतली हवा मात्र पोकळ निघाली. एक कंस चुकला की अख्खं पान नाकारणारी भाषा सामान्य वेबलेखकाला झेपणारी नव्हतीच.

गुगलनं दिलेलं सुरक्षेचं कारण खोटं नाही. क्रोम ज्या लिबएक्सएसएलटी या सी भाषेतल्या लायब्ररीवर विसंबून होतं, तिच्यात स्मृतिव्यवस्थापनाचे धोकादायक दोष सापडत होते आणि तिची देखभाल मूठभर स्वयंसेवकांवर होती. पण ही भाषाच जुनाट, हा सूर मला पटत नाही. तिची २.० आवृत्ती २००७ मध्ये आली, ३.० २०१७ मध्ये. ब्राउझरवाले १९९९ वरच थांबले. मायकेल के यांच्या सॅक्सनसारख्या प्रोसेसरवर ती आजही सर्व्हरमध्ये जोमानं चालते. फीडवाल्यांनी आता आपलं रूपांतर तिथंच उरकून तयार एचटीएमएल धाडावं.