दारू सुटली, पुढं काय?

घरात कुणाची दारू हाताबाहेर गेली की धुळे-जळगावकडे आता व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी होते. केंद्रं नव्हती तेव्हाही इथली माणसं दारू सोडतच होती. 1937-38 च्या सुमारास तळोद्याजवळ मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला दर सोमवारी हजारो आदिवासी जमत. तळोदा तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात. दारू सोडा, अंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढाच उपदेश. मला तर उपदेशापेक्षा तो सोमवार महत्त्वाचा वाटतो. दर आठवड्याला त्याच माणसांत शुद्धीवर उभं राहायचं, ही काही लहानसहान गोष्ट नाही. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपींच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभं राहिलं, तेही अशाच संगतीच्या बळावर.

1972-73 मध्ये शहाद्याच्या आदिवासी बायकांनी श्रमिक संघटनेच्या चळवळीत दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार सोसलेल्यांचा तो राग रास्तच होता. पण भट्टी मोडली तरी दिवस मावळताना तलफ येणाऱ्या माणसाचं काय?

त्याच्याकडे रुग्ण म्हणून पाहणारं ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला हातभार लावला. तिथं गटात बोलणं आलं, समुपदेशन आलं, बायकोलाही मन मोकळं करायला जागा मिळाली.

आधी औषधं लागतात, हे खरं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं. फिट येते, भ्रम होतो. पण शरीरातली दारू उतरायला काही दिवस पुरतात, डोक्यातली उतरायला फार वेळ लागतो. समुपदेशक शपथ घालत नाही. कधी प्यावंसं वाटतं, कुणाबरोबर, कशावरून भांडण झाल्यावर, हे तो पिणाऱ्याकडूनच काढून घेतो. चोपडा-यावलच्या पट्ट्यात होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो. त्या दिवशी सोबत कोण, खिशात किती पैसे, कुणी ग्लास पुढं केला तर काय म्हणायचं, हे आधीच ठरवलेलं बरं. आणि पाय घसरलाच तर तोंड न लपवता परत यायचं. आरतीच्या काळात घसरलेला बहुधा पाप लागलं म्हणूनच दूर राहिला असेल.

फक्त परत यायचं तर सातपुड्यातल्या पाड्यावरून जळगाव गाठावं लागतं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.