वॉर्ड कोण सांभाळते?

तुम्ही कधी सरकारी रुग्णालयात कोणाला भेटायला गेला असाल. वॉर्डमध्ये शिरताच एक टेबल दिसते. त्यावर रजिस्टरे आणि रुग्णांचे कागद असतात. तेथे काम करणाऱ्या बाई बहुधा त्या वॉर्डच्या परिसेविका असतात. लोक त्यांना 'इन्चार्ज सिस्टर' म्हणतात. डॉक्टर रुग्णांना तपासून पुढच्या वॉर्डात जातात. वॉर्ड मात्र ह्या बाई सांभाळतात.

परिचारिकांच्या तीन पाळ्या असतात : सकाळ, दुपार आणि रात्र. पाळी बदलण्याची वेळ फार नाजूक असते. एक परिचारिका दमून घरी निघालेली असते, दुसरी नुकतीच आलेली असते. म्हणून दोघी मिळून प्रत्येक खाटेजवळ जातात. "सात नंबरला पेनिसिलिन चालत नाही. तीन नंबरचे उद्या ऑपरेशन आहे, त्यांना सकाळी काही खायला द्यायचे नाही," असे जाणारी सांगते. नुसते सांगून भागत नाही. ते लिहावेही लागते. सात नंबरची गोष्ट सांगायची राहिली आणि कोणी ते इंजेक्शन दिले, तर काही मिनिटांत रुग्णाचा जीव धोक्यात येतो. खाटेचा नंबर फक्त बोलण्यापुरता असतो. औषध देताना रुग्णाचे नाव विचारतात, कारण खाटा बदलतात.

परिसेविका हे सर्व नीट होते की नाही, ते पाहतात. मॉर्फिनसारखी औषधे कुलपात असतात. ती मोजून हिशेब लिहितात. ऑक्सिजन आहे का? धोब्याकडून चादरी आल्या का? मधुमेहाच्या रुग्णाला वेगळे जेवण मिळाले का? पंखा बंद पडला तरी नातेवाईक सिस्टरांवरच रागावतात. हे काही बरे नाही!

ही कामे पूर्वीपासूनची आहेत. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानात गेल्या. इस्तंबूलजवळच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिक घाणीत पडलेले होते. बाईंनी कपडे धुण्याची आणि चांगल्या जेवणाची सोय केली. रात्री त्या दिवा घेऊन फिरत. तो दिवा म्हणजे तुर्की कंदील, 'फानूस'. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. लोकांना तो दिवा आठवतो, साबण आणि चादरींचा हिशेब कोणाला आठवत नाही.

परिसेविकांचे सर्वांत अवघड काम म्हणजे पाळ्यांचा तक्ता करणे. नवख्या परिचारिकेला रात्री एकटी ठेवणे बरोबर नाही. तिच्याबरोबर अनुभवी परिचारिका लागते. सणाच्या दिवशीही वॉर्ड बंद नसतो. ईदला रजा हवी असलेली परिचारिका दिवाळीत काम करते. दिवाळीला रजा घेणारी ईदच्या दिवशी येते. एवढे करूनही एखादीचे मूल आजारी पडते, एखादीची बस चुकते. मग दुसरीला निरोप धाडावा लागतो. ती येईपर्यंत आधीची परिचारिका वॉर्ड सोडून जात नाही.