‘थोडासाच करंट आहे’ म्हणजे नेमका किती?

“कूलरले हात नका लावू बाई, करंट मारून राहिला तो!”

आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला मे महिन्यात गेलं, की एखाद्या तरी घरात हे वाक्य कानावर पडतंच. वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा, कूलरशिवाय दुपार निभत नाही. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात बुडालेला छोटा पंप आणि खाली ओली फरशी. पाणी भरायचं काम बहुधा बाईचंच, तेही अनवाणी. वायरमन येतो, टेस्टर लावतो, आतला लाल दिवा मिणमिणतो. “थोडासाच आहे, काही होत नाही,” असं म्हणून तो जातो. आपणही पायात चपला सरकवून पुन्हा पाणी भरू लागतो.

पण मैत्रिणींनो, थोडासा म्हणजे किती? भाजीत मीठ अंदाजानं चालतं. विजेचा अंदाज मात्र महागात पडतो.

वीज अँपियरमध्ये मोजतात. अँपियरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपियर. अंगातून साधारण 1 मिलिअँपियर गेला, की झिणझिण्या येतात. तो वाढत गेला, की बोटं आपोआप आवळतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी ही मर्यादा स्वखुशीनं पुढे आलेल्या 134 पुरुषांवर आणि 28 स्त्रियांवर तपासली. हात सोडवता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत 16 मिलिअँपियर निघाली, स्त्रियांत फक्त साडेदहा. बहुतेक सगळ्याच स्त्रियांना हात सोडवता येईल असा आकडा त्यांनी 6 धरला. म्हणजे घरधन्यांना जो करंट ‘काही नाही’ वाटतो, तो आपला हात धरून ठेवू शकतो. लहान मुलांचं तर विचारूच नका. करंट आणखी वाढून 50 ते 100 च्या घरात गेला, की हृदयाचा ठोका बिघडून जीव जाऊ शकतो. 15 वॉटचा जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब सुमारे 65 मिलिअँपियर घेतो, यावरून कल्पना करा.

“पण आमच्याकडे एमसीबी आहे की!” तो 6 अँपियरचा असेल, तर 6000 मिलिअँपियर होईपर्यंत तो स्वस्थ बसतो. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे.

मग हा बारीक करंट मोजायचा कसा? टेस्टर फक्त ‘आहे’ म्हणतो, ‘किती’ ते सांगत नाही. रोहण्याच्या एका घरात रेडिओ दुरुस्तीही करणाऱ्या वायरमननं फार सोपी युक्ती केली. त्याच्याकडचा स्वस्तातला डिजिटल मीटर घरातल्या विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, दाखवतो, पण या विजेचा करंट मोजण्याची सोय त्यात नसते. त्यानं रेडिओच्या दुकानात मिळणारा, किरकोळ किमतीचा 1000 ओहमचा रेझिस्टन्स घेतला. त्यावर तपकिरी, काळा आणि लाल असे पट्टे असतात. तो मीटरच्या दोन वायरींमध्ये जोडला. आता हिशेब तोंडी: मीटरवर जितके व्होल्ट, तितके मिलिअँपियर!

कूलरला दोनच पिनांची वायर होती, अर्थिंग नव्हतंच. प्लग काढून त्यानं एक चिमटा कूलरच्या पत्र्याला लावला. दुसरा चिमटा अंगणात ओल्या मातीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. सगळ्यांना दूर उभं केलं आणि मगच बटण दाबलं. नुसता पंखा चालू असताना रेझिस्टन्सशिवाय मीटर 80 व्होल्ट दाखवत होता. घरातल्या घाबरल्या. रेझिस्टन्स जोडल्यावर आकडा जवळजवळ शून्य! टाकी उंचावर असली तरी ठिबकणाऱ्या नळानं बादली भरत नाही, तसंच हे. दाब मोठा, धार बारीक. पंप लावला मात्र, रेझिस्टन्स असूनही आकडा 7 वर गेला. सात मिलिअँपियर, म्हणजे बाईच्या मर्यादेच्या वर. दोष पंपात होता. नवा पंप बसवला, तीन पिनांची वायर घातली आणि मोजूनच खात्री केली.

हा प्रयोग मात्र वायरमनच्याच हातून करवून घ्यायचा. चिमटे लावताना आणि काढताना प्रत्येक वेळी प्लग बाहेर हवा. दोष मोठा असेल, तर रेझिस्टन्स तापून धूर येतो. लगेच बंद करा. तेच उत्तर समजा. एका व्होल्टच्या आतल्या आकड्यावर स्वस्त मीटरचा भरवसा धरू नये. आकडा लहान आला, तरी अर्थिंग हवंच, कारण पाण्यातला दोष वाढत जातो.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा:

• पाणी भरण्याआधी नुसतं बटण नको, प्लगच काढा.

• आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

• 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. गेलेला आणि परतलेला करंट तो सतत ताडून पाहतो आणि फरक पडला, की क्षणात वीज तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली नाही, तर तो बिघडला समजा.

• कुणाला शॉक लागला, तर आधी मेन स्विच बंद. हातानं ओढायला जाऊ नका.

दूधवाल्याचं माप आपण बारकाईनं पाहतो. तसंच पुढच्या वेळी वायरमन “थोडासाच आहे” म्हणाला, की त्याला बसवून चहा द्या आणि विचारा, “दादा, किती मिलिअँपियर?”